‘आधी बीज एकले’ गाथ्यात सापडत नाहीये, कुणी क्रमांक सांगेल का?

मृणाल_चिंचवड

राम कृष्ण हरी मंडळी.

आमच्या सोसायटीचं महिला भजनी मंडळ यंदा तुकाराम बीजेला एक छोटी पुस्तिका छापतंय. निवडक अभंग, कठीण शब्दांचे अर्थ आणि प्रत्येक अभंगाखाली गाथ्यातला क्रमांक. क्रमांक शोधायचं काम माझ्याकडे आलंय. प्रत्येक आवृत्तीत क्रमांक वेगळे, त्यामुळे मी सुरुवातीच्या ओळीच्या सूचीवरूनच शोधते. शासकीय गाथा पाहिली, देहूची प्रत पाहिली, जोगमहाराजांची सार्थ गाथाही पाहिली. बाकी सगळे अभंग मिळाले. मात्र सगळ्यांनी एकमुखाने सुचवलेला, पुस्तिकेत पहिला छापायचं ठरलेला ‘आधी बीज एकले’ कुठेच नाही. ‘आधीं’, ‘आदी’ अशी वेगवेगळी रूपंही शोधून झाली.

मंडळातल्या एक ज्येष्ठ काकू नाराज झाल्यात. त्यांच्या माहेरी हा अभंग रोज म्हटला जायचा, तेव्हा ‘गाथ्यात नाही’ असं मी म्हणणं त्यांना फार लागलं. कुणी म्हणतं तो सिनेमातला आहे. कुणी म्हणतं सिनेमात असला तरी मूळ तुकोबांचाच.

आणखी एक. मुखपृष्ठासाठी चित्रकाराने तुकोबांचं रेखाटन पाठवलं. सासूबाईंनी ते हातात घेतलं आणि लगेच म्हणाल्या, “हे तर विष्णुपंत पागनीस!” तेव्हापासून मनात घोळतंय की आपल्या डोळ्यांपुढचे तुकोबा नक्की कुठले? गाथ्यातले किती आणि सिनेमातले किती?

जाणकारांनी कृपया सांगावं. पुस्तिका छापायला द्यायची आहे.

---

नीरा_नृसिंहपूर

गीत शांताराम आठवले. प्रभातचा सिनेमा ‘संत तुकाराम’, १९३६. संगीत केशवराव भोळे, गायक पागनीस, तुकोबांची भूमिकाही त्यांचीच. गाथ्यात मिळणार नाही, शोधू नका.

---

पखवाजवाला

राम कृष्ण हरी, ताई.

वरचं उत्तर बरोबर आहे. पण तुमच्या काकूंना नुसतं नाव आणि साल सांगून पटणार नाही, आणि पटावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी गेली अनेक वर्षं कीर्तनाला पखवाजाची साथ करतो. अभंगाशी माझी ओळख आधी हाताने झाली, अर्थ मागाहून कळत गेला. तेव्हा हातापासूनच सुरुवात करतो.

काकूंना ‘सुंदर ते ध्यान’ बोटांवर अक्षरं मोजत म्हणायला सांगा. सुंदर ते ध्यान: सहा. उभे विटेवरी: सहा. कर कटावरी: सहा. ठेवोनिया: चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं, ‘विटेवरी, कटावरी’, आणि चौथा तोकडा चरण येतो तिथे टाळकऱ्याला श्वास मिळतो. हा मोठा अभंग. लहान अभंग आठ-आठचा असतो: ‘जे का रंजले गांजले’ आठ, ‘त्यासि म्हणे जो आपुले’ आठ. आता ‘आधी बीज एकले’ मोजा. सात. ‘बीज अंकुरले’ सहा, ‘रोप वाढले’ पाच. ही बांधणी गाण्याची आहे, चालीवर बेतून लिहिलेल्या पदाची. ऐकायला फार गोड आहे, पण अभंगाच्या साच्यात ती बसत नाही.

एवढ्यावर निकाल लागत नाही, हेही सांगतो. तुकोबांनी दुसऱ्या छंदांतही लिहिलंय. गवळणी आहेत, फुगडी-विटीदांडूसारख्या खेळांची रूपकं आहेत, हिंदी दोहरे आहेत. पण या पदात ‘तुका म्हणे’ नाही, कुठल्याही छापील गाथ्यात ते नाही, आणि आठवल्यांनी ते सिनेमासाठी लिहिलं हे उघड आहे. ‘प्रभातकाल’ या पुस्तकात त्यांनी त्या दिवसांबद्दल लिहिलंय. ते तेव्हा ऐन विशीत होते. पुढे ‘कुंकू’ची गाणीही त्यांनीच लिहिली आणि ‘वहिनीच्या बांगड्या’चं दिग्दर्शनही केलं. एवढ्या तरुण वयात त्यांनी असं पद लिहिलं की पिढ्यान्‌पिढ्या लोक ते तुकोबांचंच मानत आले. त्यात आठवल्यांचं मोठेपण आहे. ते मोठेपण त्यांना द्यायचं राहून गेलंय, आणि तुमच्या पुस्तिकेत ते देता येईल.

आता तुमचा दुसरा प्रश्न, तुकोबा कुठले? हा मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

तुकोबा १६४९ ला गेले. त्यांचं आपल्याला माहीत असलेलं बहुतेक चरित्र येतं ताहराबादच्या महिपतीबुवांकडून. ‘भक्तविजय’ १७६२चा, ‘भक्तलीलामृत’ १७७४चं. म्हणजे तुकोबांना जाऊन शंभराहून अधिक वर्षं लोटली होती. महिपतींनी जिव्हाळ्याने लिहिलं, आणि त्यात चमत्कारांना मोठी जागा मिळाली. मग इंग्रजी अमदानीत मुंबई सरकारच्या मदतीने विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी गाथा संपादून छापली, पहिला भाग १८६९, दुसरा १८७३. त्याच सुमारास प्रार्थना समाजातली रानडे-भांडारकरांसारखी माणसं तुकोबांचे अभंग उपासनेत म्हणू लागली. त्यांना तुकोबांमध्ये मूर्तीपलीकडचा देव शोधणारा भक्त दिसला.

आणि मग १९२०. ३१ जानेवारीला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘मूकनायक’ निघाला. त्याच्या शिरोभागी कुणाच्या ओळी होत्या?

काय करूं आतां धरुनियां भीड ।
नि:शंक हें तोंड वाजविलें ॥
नव्हे जगीं कोणी मुकियांचा जाण ।
सार्थक लाजोन नव्हे हित ॥

यांचीही अक्षरं मोजा. सहा, सहा, सहा, चार. हा माणूस हात जोडून, डोळे मिटून उभा नाही. मुक्याचं जगात कुणी नसतं, लाजून हित होत नाही, असं तो सांगतो आणि तोंड उघडतो. आपल्या वर्तमानपत्राच्या माथ्यावर कोण शोभेल याचा विचार करताना बाबासाहेबांना हा तुकाराम सापडला.

सोळा वर्षांनी प्रभातने दुसरा तुकाराम दाखवला. दामले आणि फत्तेलाल यांचं दिग्दर्शन, शिवराम वाशीकरांचं लेखन. मुंबईच्या सेंट्रल थिएटरला तो ५७ आठवडे चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. माझ्या वडिलांनी तो गावच्या जत्रेत तंबूत पाहिला. पागनीस पडद्यावर आले की बाया उठून नमस्कार करायच्या, हे ते शेवटपर्यंत सांगत. पागनीस मूळचे नाटकात स्त्रीभूमिका करणारे गायक. त्यांच्या चेहऱ्यावर जे मार्दव होतं, भांडण ज्याला माहीतच नाही असे जे डोळे होते, ते घरोघरी गेले आणि आजही कॅलेंडरवर दिसतात. सासूबाईंनी बरोबर ओळखलं.

सिनेमा मला अतिशय आवडतो, हे मोकळेपणाने सांगतो. पण दुष्काळात पहिली बायको ‘अन्न अन्न करितां मेली’ हे स्वतः लिहून ठेवणारा, ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें’ म्हणणारा, पंढरीच्या देवाशी रोखठोक भांडणारा, दांभिकांना नावं ठेवताना शब्द न गिळणारा माणूस त्या चेहऱ्यात पुरता मावत नाही. तो गाथ्यातच भेटतो.

म्हणून माझी विनंती: पद जरूर छापा, पण शेवटी, वेगळ्या पानावर, आठवल्यांच्या नावाने. आणि पहिल्या पानावर ‘मूकनायक’च्या माथ्यावर होता तो अभंग घ्या.

---

दिंडी_क्रमांक_नाही

पखवाजवाले माऊली, तुमचा अभ्यास मोठा आहे. तरी मला हे पटत नाही, आणि राग न मानता ऐकावं.

माझे आजोबा वारीला जायचे. शेतात पेरणी झाली की निघायचे. वाफ्याच्या बांधावर उभे राहून ‘आधी बीज एकले’ म्हणायचे आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्यांनी सिनेमा कधी पाहिला असेल असं वाटत नाही. पद त्यांच्यापर्यंत माणसांच्या तोंडून आलं, जसा अभंग येतो तसंच. मग ते अभंग नाही हे कुणी ठरवायचं? अक्षरं मोजून?

आणि तुकोबा स्वतःच म्हणतात, ‘आपुलिया बळें नाहीं मी बोलत’. बोलणारा तो, बोलवणारा वेगळा. ज्यांनी स्वतःच्या शब्दांवर मालकी सांगितली नाही, त्यांच्या नावाने एक चांगलं पद जास्तीचं गायलं गेलं तर त्यांचं काय बिघडलं? एकनाथांच्या, नामदेवांच्या गाथ्यांतही पुढच्यांच्या रचना मिसळल्या आहेत असं जाणकारच सांगतात. परंपरा अशीच वाढते. काकूंच्या माहेरची आठवण छापील सूचीपुढे लहान करू नका एवढंच म्हणणं.

---

पखवाजवाला

राग कसला, माऊली. तुमच्या आजोबांच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं. त्याला कुठल्या सूचीचा शिक्का लागत नाही, आणि मी स्वतः हे पद वाजवताना हात आखडता घेतलेला नाही.

पण ‘तुकोबांनी शब्दांवर मालकी सांगितली नाही’ इथे मी थांबतो. ‘आपुलिया बळें’ खरंच त्यांचा आहे. मग हाही त्यांचाच आहे:

सालोमालो हरिचे दास ।
म्हणउन केला अवघा नास ॥
अवघें बचमंगळ केलें ।
म्हणती एकाचें आपुलें ॥

सालोमालो हा त्यांच्याच काळातला. दुसऱ्यांची वचनं मोडूनतोडून स्वतःच्या नावाने खपवायचा. तुकोबा त्याचं नाव घेऊन सांगतात की यानं सगळ्याचा नास केला. कुणाचं बोलणं कुणाच्या नावावर जातंय याचं त्यांना इतकं लागत होतं. सिनेमानेही हे नेमकं ओळखलं होतं. सुरुवातीलाच सालोमालो तुकोबांचा अभंग आपला म्हणून सांगतो, आणि पुढे सगळ्या खलपणाचा भार त्याच्यावरच येतो. महिपतींच्या कथेतला तुकोबांना काटेरी फांदीने मारणारा मंबाजी पडद्यावर नाही, त्याच्या वाट्याचा द्वेषही सालोमालोलाच मिळाला.

आणि इंद्रायणीची गोष्ट घ्या. ती ऐतिहासिक किती हा वाद बाजूला ठेवू. आपण वारकरी ती सांगताना काय सांगतो? अभंगांच्या वह्या पाण्यात गेल्या आणि तुकोबा काठावरच्या शिळेवर अन्नपाण्यावाचून तेरा दिवस बसले. शब्द कुणाचेही असले तरी चालतात असं वाटणारा माणूस उठून घरी गेला असता, पुन्हा नवे लिहिले असते. ते बसून राहिले, कारण त्यांना तेच शब्द परत हवे होते. ‘आम्हां घरीं धन शब्दांचींच रत्नें’ म्हणणाऱ्याकडे जपायला दुसरं होतं तरी काय? दिवाळं निघालेलं, सावकारीची खतंसुद्धा त्यांनी नदीत बुडवली असं परंपरा सांगते. म्हणजे बघा, कर्जखतं त्यांनी आपल्या हाताने बुडवली आणि वह्यांसाठी मात्र धरणं धरलं. तेव्हा त्यांचं काय आणि दुसऱ्याचं काय एवढं तरी आपण नीट लावून ठेवावं, असं मला वाटतं.

नामदेव-एकनाथांच्या गाथ्यांत मिसळण झाली हे तुम्ही म्हणता ते खरं. पण तिथे कोण कुठला हे आता उकलणं अवघड आहे. इथे लिहिणारा आपल्याला नावानिशी माहीत आहे. माहीत असून नाव न घेणं आठवल्यांवरही अन्याय आहे.

काकूंच्या माहेरच्या आठवणीला धक्का लावू नये, हे मात्र शंभर टक्के मान्य.

---

आवलीची_लेक

तुकोबांवर एवढं बोलणं झालं आणि जिजाईचं, म्हणजे त्यांच्या दुसऱ्या बायकोचं, आवलीचं नाव कुणीच काढलं नाही, म्हणून लिहिते.

‘सिनेमातले किती’ हा प्रश्न तिच्याबद्दल विचारायला हवा. तुकोबांचा स्वतःचा आवाज निदान गाथ्यात आहे. तिचा कुठेच नाही. गाथ्यात ती येते ती ‘बरें जालें देवा बाईल कर्कशा’ अशी. म्हणजे नवऱ्याच्या तोंडून, तीही त्याच्या वैराग्याला उपयोगी पडलेली आपत्ती म्हणून. मग महिपतींकडे, मग कीर्तनकारांकडे. मी लहानपणी ऐकलेल्या कीर्तनांत आवलीचं भांडण आलं की मंडप हसायचा. मला कधीच हसू आलं नाही. माझी आई त्याच मंडपात पोळ्या लाटत बसलेली असायची.

आणि इथे सिनेमाने तिचं भलं केलं, असं माझं ठाम मत आहे. गौरी नावाच्या अभिनेत्रीने ती भूमिका केली. तिच्या जिजाईच्या हातात शेण आहे, कडेवर पोर आहे. मुलगा आजारी पडतो तेव्हा ती पायातली वहाण हातात घेऊन थेट देवळात विठ्ठलापुढे जाऊन उभी राहते. तिथे थिएटरात कुणी हसत नाही. तिचा राग घरात दाणा नाही म्हणून आहे, हे कॅमेऱ्याने दाखवलं. पागनीसांमुळे तुकोबा मऊ झाले असतील, पण गौरीमुळे जिजाई माणूस झाली. पखवाजवाले दादा, तुमच्या हिशेबात हेही मांडा.

द. बा. मोकाशींच्या ‘आनंदओवरी’त तुकोबांचा धाकटा भाऊ कान्होबा बोलतो. हरवलेल्या भावाला तो शोधतोय. घरच्यांच्या बाजूने ही गोष्ट सांगता येते, हे मला त्या छोट्या कादंबरीने पहिल्यांदा दाखवलं. तुमच्यापैकी ज्यांनी वाचली नसेल त्यांनी जरूर वाचा.

एक गोष्ट पुस्तिकेत घालाच, मृणालताई. तुकोबा गेले तेव्हा जिजाई गरोदर होती असं परंपरा सांगते. नंतर झालेला तो मुलगा म्हणजे नारायणमहाराज. त्यांनीच १६८५ साली पालखी सुरू केली. आज जो सोहळा देहूहून पंढरीला निघतो तो तिच्या पोटच्या पोराने उभा केलेला आहे, आणि त्याला तिने एकटीने वाढवलं. दुपारी तुकोबांसाठी भाकरी बांधून भंडाऱ्याचा डोंगर चढणारी, पायात काटा मोडला तरी न थांबणारी बाई. त्या डोंगरावर मी भर उन्हात चढले आहे. पायऱ्या असूनही धाप लागली. तिच्या वेळी पायऱ्या नव्हत्या.

---

पखवाजवाला

ताई, मांडलं. तुमचं बरोबर आहे, आणि हे मी आजवर असं पाहिलं नव्हतं. कीर्तनात तो प्रसंग आला की साथीला आम्हीही उठाव घेतो, लोक हसावेत म्हणून. यापुढे मी घेणार नाही.

---

मृणाल_चिंचवड

सगळ्यांचे मनापासून आभार. काल काकूंकडे गेले होते. बोटांवर अक्षरं मोजायचा प्रयोग केला. ‘सुंदर ते ध्यान’ झाल्यावर त्यांनी आपणहून चार-पाच अभंग मोजले, मग ‘आधी बीज’ मोजलं आणि म्हणाल्या, “मग हे लिहिणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात टाक.”

तर ठरलं ते असं. पहिल्या पानावर ‘काय करूं आतां धरुनियां भीड’, खाली ‘मूकनायक’ची तारीख. शेवटच्या पानावर ‘आधी बीज एकले’, गीत शांताराम आठवले, संगीत केशवराव भोळे, चित्रपट ‘संत तुकाराम’, १९३६. दिंडीवाल्या दादांच्या म्हणण्याला मान देऊन कार्यक्रमाची सांगता त्याच पदाने करणार आहोत, काकूच सांगतील. मधे एक पान जिजाईसाठी ठेवलंय. त्यावर अभंग कुठला घ्यावा हे मात्र सुचत नाहीये. ‘बाईल कर्कशा’ मला तिथे छापायचा नाही.

चित्रकाराला चेहरा नको म्हणून सांगितलं. वीणा, टाळ आणि वह्या काढून देतो म्हणालाय.

---

आवलीची_लेक

जिजाईच्या पानावर ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’ घ्या. ती ओळ पहिल्या बायकोची आहे, रखमाबाईंची. तिचंही नाव कुठे येत नाही. दोघींची नावं एकाच पानावर येऊ द्या.

---

पखवाजवाला

‘याती शूद्र…’ असा सुरू होणाऱ्या अभंगात ती ओळ आहे, सूचीत तसं शोधा. अभंग लांब आहे, पानावर पूर्ण मावणार नाही. पण निदान सुरुवातीपासून त्या ओळीपर्यंत सलग घ्या. मधूनच तोडून घेतला तर चाल धरता येत नाही.